परवाना आहे, मात्रा कुठे?
‘गांजा कायदेशीर केला की मालाची मात्रा आपोआप ताब्यात येते’ हे काहींचं म्हणणं मला अर्धंच पटलं. नुसतं ओढणाऱ्याला तुरुंगात टाकू नये, हे मान्य. पण आमच्या इंदूरला भांगेची परवानाधारक दुकानं आजही आहेत. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे, त्याच झाडाची नुसती पानं, म्हणजे ज्यांची भांग होते ती, त्यात येत नाहीत (गंमतच आहे!). आता भांगेच्या गोळीत ताकद किती, हे विचारायचं कुणाला?

रंगपंचमीला राजवाड्यावरची गेर (रंगांची मिरवणूक) बघून आलेल्या मावसभावाने एक गोळी घेतली, अर्ध्या तासात काही होईना म्हणून दुसरी. पोटातून गेलेली भांग तास-दीड तासानेही चढते. संध्याकाळी हा जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून, पाचवी कुठे गेली म्हणून रडत होता.