प्रतिसाद: 'वाबांदुस्त' सगळीकडे चालतं?

वर कोणीतरी लिहिलंय की एस्टोनियात 'वाबांदुस्त' (एस्टोनियन भाषेत 'माफ करा', 'सॉरी') हा एक शब्द पाठ केला की काम भागतं. दुकानात, ट्राममध्ये, कुणाचं लक्ष वेधायला किंवा चुकून धक्का लागला तर भागतंच, वाद नाही. 'वाबांदुस्त, कास ते र‍्यागिते इंग्लिसे केल्त?' (इंग्रजी येतं का तुम्हाला?) एवढ्यावर माझे टाल्लिनमधले पहिले दोन महिने निघाले. क्रियापद वापरायचं तर मात्र आपल्यासारखंच तू-तुम्ही सांभाळावं लागतं: मित्राला 'वाबांदा', अनोळखी माणसाला 'वाबांदागे'. माफ कर, माफ करा, तसंच.

पण दुसऱ्याच्या दुःखावर हा शब्द चालत नाही. सोबत काम करणारीची आजी गेली, तर मी इंग्रजीतल्या 'सॉरी'च्या सवयीने 'वाबांदुस्त' म्हणून मोकळा. ती क्षणभर गोंधळली, मग हसून म्हणाली, "तू काय केलंस?" तिथे 'तुन्नेन कासा' म्हणतात, म्हणजे तुझ्या दुःखात सहभागी आहे. साधी हळहळ असेल, कुणाची बस चुकली वगैरे, तर 'कह्यू'. आणि खरोखरच काही बिघडवून ठेवलं असेल तर 'आंदके आंदेक्स' (क्षमा करा), जवळच्याला 'आन्ना आंदेक्स'. ते जरा जड वाटतं, पायावर पाय पडला म्हणून कोणी सहसा वापरत नाही.