मदत हवी आहे: जिन्याखालच्या कप्प्यात उरलेलं कार्पेट बसत नाहीये

खाडीपलीकडचा
मुंबईच्या हॉलमधलं कार्पेट काढलं, त्यातला मोठा तुकडा गुहागरला घरी आणलाय. जिन्याखालच्या कप्प्यात आणि भिंतीतल्या फडताळात घालायचाय. कप्पा तिरका, कोपऱ्यात कार्पेट उचललं जातं, कापलं की कडेचे धागे सुटतात. गणपतीला घर भरणार, त्याआधी व्हायला हवं. "कारागीर बोलवा" सांगू नका, श्रावणात इथे कुणी फोन उचलत नाही.

सुरंगी
कार्पेट कसलं? जमीन कसली?

खाडीपलीकडचा
तपकिरी. जमीन साधीच.

सुरंगी
साधी म्हणजे लादी, कोबा की सारवलेली? आणि रंग नाही हो विचारला. उलटं करून बघा, मागे ताग आहे, फोम आहे की प्लॅस्टिकची जाळी? लव कापलेली की वेटोळ्यांची?

खाडीपलीकडचा
कोबा. मागे ताग. लव कापलेली असावी, बोट फिरवलं की रेघ उमटते.

रंधा_करवत
मग मागून कापा. वेटोळ्यांचं असतं तर पुढून सांगितलं असतं.
आधी साचा काढा. वर्तमानपत्राचे कागद चिकटपट्टीने जोडून कप्प्याच्या तळावर पसरा, कडेला नखाने दाबून घडी पाडा, कापा आणि वरच्या बाजूला ठळक 'वर' लिहा. आता नीट वाचा: कार्पेट पालथं घातलंय, म्हणजे साचाही पालथा ठेवायचा, 'वर' हे अक्षर कार्पेटला टेकलं पाहिजे. नाहीतर तिरकी बाजू भलत्याच अंगाला जाते आणि तुकडा फुकट. कटरला नवं पातं घाला, एकाच दाबात आरपार करू नका. बोटभर जास्त ठेवून कापा, आत बसवून मग भिंतीलगत तासा. कापलेल्या कडेला मागून फेविकॉलचं बोट फिरवून सुकू द्या, धागे सुटायचे थांबतील.

पेणवाला
एवढा खटाटोप कशाला? खाली सिंथेटिक रबरचं ॲडहेसिव्ह फासा आणि दाबून टाका. आमच्या दुकानात तसंच केलंय, हललेलं नाही.

रंधा_करवत
दुकान पहिल्या मजल्यावर असेल. तळमजल्याला चिकटवलं तर उचलून वाळवणार कसं? सुटंच राहू द्या. फार तर दाराकडच्या कडेला दुहेरी टेप.

माडाखाली
अरे बाबा, पावसात कोब्यार तागाचा कार्पेट? वाळवीक आवतण देतंस काय?
आधी जमिनीची ओल बघ. वीतभर प्लॅस्टिकचा तुकडा कोब्यावर ठेव, चारी बाजूंनी टेप मार आणि दुसऱ्या दिवशी उचल. खालून थेंब दिसले तर दिवाळीपर्यंत कार्पेट गुंडाळून माळ्यावर टाक. जांभ्याची भिंत खालून पाणी ओढते, कार्पेट भिंतीला टेकलं तर तेही ओलं होणार. दोन बोटं जागा सोडायची.

पेणवाला
दोन बोटं सोडली तर फिटिंग कसलं?

माडाखाली
कप्प्यात फिटिंग बघूक कोण वाकता?

ठाण्याची_माहेरवाशीण
रिठ्याच्या पाण्याने कार्पेट छान निघतं, पण उन्हात उलटं वाळवा, नाहीतर रंग उडतो. बाकी, गणपतीची तिकिटं मिळाली का कुणाला? आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, सकाळी बसले तोवर वेटिंग सुरू.

सुरंगी
ताई, त्यांना धुवायचं नाहीये. (आम्ही एसटीने जातोय.)

खाडीपलीकडचा
प्लॅस्टिक उचललं, कोरडं आहे. साचाही झाला. आता बॅटरीभोवती गोल कसा कापू?

रंधा_करवत
कसली बॅटरी?

खाडीपलीकडचा
इन्व्हर्टरची. जिन्याखाली तीच असते ना, त्यात सांगायचं काय?

सुरंगी
अहो! पाणी घालायची असेल तर चार्जिंगला हायड्रोजन सुटतो आणि आम्लाचे थेंब उडतात. तेवढा कोपरा उघडाच ठेवा, खाली प्लॅस्टिकचा ट्रे, दाराला जाळी. डांबरगोळ्या, रॉकेल, रद्दी, काही तिथे नको. कार्पेट उरलेल्या अर्ध्यात घाला.

पेणवाला
सीलबंद बॅटरी घ्या, प्रश्नच मिटला.

सुरंगी
कार्पेटच्या तुकड्यासाठी नवी बॅटरी?

माडाखाली
फडताळात मात्र खुशाल घाल. बरण्या वाजणार नाहीत. फक्त आमसुलांची बरणी त्यावर नको, आगळ सांडलं तर डाग जन्माचा.

खाडीपलीकडचा
फडताळ झालं, मस्त बसलं. कप्प्याचं दार आता कार्पेटला घासतंय. खालून रंधा मारू?

रंधा_करवत
आत्ता मुळीच नको. पावसात लाकूड फुगलेलं असतं. आता तासलंत तर वैशाखात खालून उंदीर चालत येईल. दाराच्या फेऱ्यातलं कार्पेट कापून मागे घ्या.

खाडीपलीकडचा
मग दिसायला घाण दिसेल.

सुरंगी
पायपुसणं टाका.

ठाण्याची_माहेरवाशीण
उरलेला तुकडा केवढा आहे? आमच्या देव्हाऱ्यापुढे हवाय.