ऑफिसात वाटायला डोनट-पेस्ट्री कुठून नेता? ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव लिहा

नौपाड्याची पोर:

तर झालंय असं की येत्या शुक्रवारी माझा या ऑफिसातला शेवटचा दिवस. सहा वर्षं काढली ऐरोलीत. आमच्याकडे रीत अशी की जाणाऱ्याने काहीतरी घेऊन यायचं, आणि आजवर जो जो गेला त्याने ॲपवरून मोठ्या ब्रँडचे सहा-सहाचे खोके मागवले, दिसायला एकदम भारी, पण बिल बघून आवंढा गिळावा लागतो आणि चव बारा महिने तीच. मला तसं नकोय. आपल्या जवळपासच्या बेकरीतलं, त्याच दिवशी केलेलं काहीतरी न्यायचंय, डोनट किंवा पेस्ट्री.

टीम २८ जणांची. सात जण अंडं खात नाहीत, त्यात दोघं जैन. एक डायबेटिसवाले सर आहेत, खोका उघडला की सगळ्यात आधी तेच येतात.

आणि हो, माझा एक वाईट अनुभव आधीच सांगून टाकते. मागे एकदा मे महिन्यात वीस पायनॅपल पेस्ट्री घेऊन ९ नंबर प्लॅटफॉर्मवरून पनवेल पकडली. खोका मांडीवर, वर पर्स नाही, काही नाही, अगदी बाळासारखा धरलेला. ऐरोलीला उतरून उघडला तर सगळ्या पेस्ट्र्या एका कोपऱ्यात एकमेकींना बिलगून, जशा दारातल्या बायका. शेवटी पॅन्ट्रीतले चमचे आणले आणि सगळ्यांनी खोक्यातूनच खाल्लं. चव छान आहे म्हणाले बिचारे.

तर कुठून नेता, कसं नेता, काय फसलं, सगळं लिहा.

कोपरखैरणे नाईटशिफ्ट:

ताई, बेकरीच्या नावापेक्षा तिची वेळ विचारा. मी महाप्याला रात्रपाळीला आहे, सहाला निघतो. आमच्या सेक्टरमध्ये एक छोटी बेकरी आहे, पाटीवरची अर्धी अक्षरं उडालीयेत, तिथे साडेचार-पाचला डोनटचा घाणा निघतो. पुढे काउंटर, मागे कढई, मधे फक्त एक जाळीचा दरवाजा, त्यामुळे सगळं दिसतं. कारागीर एका लांब काडीने डोनट उलटतो, काडी भोकात घालून नुसतं मनगट फिरवायचं, टप टप टप सहा उलटे. मग झाऱ्यावर निथळवून थेट पिठीसाखरेच्या परातीत. एकदा मी घाईत म्हटलं भैया लगेच भरा, तर म्हणाला थांबा, आत्ता घातले तर साखर वितळते आणि गार झाले तर चिकटतच नाही, दोन मिनिटांचाच काय तो खेळ आहे. तेव्हापासून मी गप उभा राहतो.

एक चूक मी केलीये ती तुम्ही करू नका. गरम डोनट खोक्यात घालून झाकण गच्च लावलं, वर सुतळी. ऑफिसात पोचेस्तोवर आतल्या वाफेने साखरेचं पाणी झालेलं, डोनट आंघोळ करून आल्यासारखे. आता झाकण उघडंच ठेवतो, वर नुसता बटर पेपर. पावसाळ्यात मात्र पिठीसाखरेच्या वाटेलाच जाऊ नका, गार करून नेले तरी हवेनेच ओघळते.

चहाबरोबर खारीच:

धागा छान आहे, पण एक विचारू का? डोनटचं काय एवढं? आपल्याकडे पेस्ट्री म्हणजे केकचा चौकोनी तुकडा असं का ठरलं देव जाणे, बाहेरच्या देशात पेस्ट्री म्हणतात ती लोण्याच्या थरांची, पापुद्र्यांची. म्हणजे आपली खारी! मैद्याची पोळी लाटायची, तूप-लोणी जे काय असेल ते लावायचं, घडी घालायची, परत लाटायची, परत घडी, भट्टीत गेली की थराथरातल्या पाण्याची वाफ होते आणि ते सुटून फुलतात. तंत्र तेच, फक्त आपण ती कागदी पिशवीत किलोवर विकतो म्हणून तिला भाव नाही.

मी ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये बावीस वर्षं नोकरी केली. निवृत्तीच्या दिवशी दोन किलो खारी आणि एक किलो नानखटाई नेली. तरुण पोरं आधी हसली, पण चहा आल्यावर दहा मिनिटांत पिशवीत फक्त चुरा, आणि तोही एकाने तळहातावर घेऊन खाल्ला. ट्रेनमध्ये मोडली तरी कुणाला कळत नाही हा आणखी एक फायदा.

आरोग्याचं कुणी काढायच्या आत सांगतो, पूर्वी डालड्यामुळे खारीत ट्रान्स फॅट भरपूर असायचं हे खरं, पण जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या वर नको असा नियम आहे. त्यामुळे खारी पथ्याची झाली असं नाही, बर्का. मी आपली बाजू मांडतोय.

बेकरीवाल्याची लेक:

वाचून राहवेना. माझ्या वडिलांची कळव्यात बेकरी होती, आता बंद केली. लहानपणी गल्ल्यावर बसून अभ्यास केलाय, तेव्हा थोडं सांगते.

डोनट घ्यायच्या आधी त्याची कंबर बघायची. चांगल्या यीस्टच्या डोनटला मधोमध गोल फिकट पट्टा असतो. पीठ नीट फुगलेलं असेल तर डोनट हलका होऊन तेलावर तरंगतो, खालची बाजू तळते, उलटला की दुसरी, आणि मधला पट्टा तेलात बुडतच नाही म्हणून पांढरा राहतो. पट्टा नसेल तर बहुतेक पीठ कमी फुगलंय, नाहीतर तो बेकिंग पावडरचा केकसारखा डोनट आहे. तोही वाईट नसतो, पण जड असतो आणि एक खाल्ला की माणूस पाणी मागतो.

बोटाला तेल लागलं तर समजायचं कढई नीट तापली नव्हती. बाबा १८० अंशांच्या आसपास ठेवायचे, थर्मामीटर वगैरे नाही, पिठाचा बारका गोळा टाकून बघायचे किती वेळात वर येतो ते. तेल थंड असलं की डोनट ते पिऊन घेतो.

अंड्याचं म्हणाल तर यीस्टच्या डोनटला अंडं लागतंच असं नाही, दूध-दह्यावर मस्त होतात. पण विचारायचं, नुसतं विचारायचं नाही, कढई वेगळी आहे का तेही विचारायचं, कारण त्याच तेलात दुपारी चिकन रोल तळलेला असू शकतो. पाकिटबंद मालावर शाकाहारीला हिरवा ठिपका आणि अंडं असलं तरी तपकिरी त्रिकोण असतो, पण काचेच्या कपाटातल्या सुट्या मालावर कसला आलाय ठिपका. आणि चकचकीत जेलीवाल्या पेस्ट्रीत जिलेटिन असू शकतं, ते अंड्याविना असलं तरी जैनांना चालणार नाही.

आदल्या रात्री आणून फ्रीजमध्ये ठेवू नका, साधा डोनट फ्रीजमध्ये पावासारखाच लवकर शिळा आणि वातड होतो. क्रीम भरलेला असेल तर मात्र फ्रीज हवाच, म्हणून मी म्हणेन क्रीमच्या भानगडीत पडू नका.

मी वाशीची:

@बेकरीवाल्याची लेक, कंबर बघायची हे वाचून आजच सेक्टर १७ मध्ये दोन दुकानांत काचेला नाक लावून आले 😀 एकाकडे पट्टा होता, एकाकडे नव्हता, आणि पट्टावाला दहा रुपयांनी स्वस्त निघाला.

मी शाळेत शिकवते. आमच्या स्टाफरूममध्ये अंड्याचा प्रश्न व्यक्तीवर नाही, वारावर असतो. सोमवारी एक गट, मंगळवारी गणपतीवाले, गुरुवारी स्वामींचे, संकष्टीला निम्मी स्टाफरूम, आणि श्रावण लागला की विषयच संपला. एका बाईंनी वाढदिवसाला हौसेने ब्लॅक फॉरेस्ट आणला, नेमकी संकष्टी. अठरा जणींपैकी पाच जणींनी खाल्ला, बाकीच्यांनी डब्यात घालून घरी नेला, चंद्रोदयानंतर मुलांना दिला म्हणे. त्यानंतर मी आधी कालनिर्णय बघते, मग बेकरी. शुक्रवार तसा बरा वार आहे, पण तिथी तपासून घे गं.

मागे ॲडमिनला होते:

वर सगळे चवीचं बोलतायत, मी आकड्यांचं बोलते. २८ जणांना २८ डोनट आणू नका. हाउसकीपिंगच्या ताई, पॅन्ट्रीतले दादा, गेटवरचे सिक्युरिटी, आणि वास आला म्हणून शेजारच्या टीममधून "सहज" आलेले चार जण धरा, म्हणजे ३६. त्यातले दहा आधीच अर्धे कापून ठेवा, कारण निम्म्या बायका "मला अर्धाच" म्हणतात आणि मग उरलेला अर्धा खोक्यात तसाच पडून राहतो, दुसऱ्याचा अर्धा कुणी उचलत नाही. आधीच कापलेला असला की बिनदिक्कत उचलतात, आणि दोनदा उचलतात.

कंपनीच्या पैशाने आणणार असाल तर अजून एक. छोट्या बेकरीवाल्याकडे पक्कं बिल मिळत नाही, वहीच्या पानावर "डोनट ३०" लिहून देतो. मी तो कागद अकाउंट्सला दिला, त्यांनी तीन आठवडे फिरवला आणि शेवटी माझ्याच खिशातून गेले. आणि मग लोक विचारतात ऑफिसवाले नेहमी ब्रँडचंच का मागवतात!

नेरूळचा मल्याळी:

मी मल्याळी आहे पण शाळा-कॉलेज सगळं नेरूळमध्ये, त्यामुळे मराठी चालवून घ्या. डोनटला विरोध नाही, पण नेरूळ, सीवूड्स, खारघर बाजूला केरळवाल्यांच्या बेकऱ्या आहेत तिकडे एकदा जाऊन या. आमच्याकडे केकचा मोठा अभिमान, १८८३ मध्ये थलश्शेरीच्या मांबळी बापूंनी एका साहेबाचा विलायती केक चाखून तसाच ख्रिसमस केक बनवून दाखवला, ही गोष्ट घराघरात सांगतात. माझ्या आजीने मला ती इतक्या वेळा सांगितली की मला लहानपणी ते आमचे नातेवाईक वाटायचे.

मी ऑफिसात एग पफ नेतो, उकडलेलं अर्धं अंडं, कांद्याचा झणझणीत मसाला, वर खारीसारखं कवच (वरच्या काकांना आवडेल). अंडं न खाणाऱ्यांसाठी व्हेज पफ, पण दोन्ही दिसायला सेम, म्हणून वेगळे खोके आणि वर मार्करने मोठं लिहिणे मस्ट. हे मी एकदा केलं नव्हतं. काय झालं ते लिहीत नाही, त्या मॅडम अजून माझ्याशी बोलत नाहीत.

घोडबंदर रोडचा कैदी:

पेस्ट्रीच्या क्रीमबद्दल लिहायचं राहिलंय. बऱ्याच ठिकाणी वापरतात ते क्रीम दुधाचं नसतंच, वनस्पती तेलाचं असतं, उन्हात टिकतं म्हणून वापरतात. खाल्ल्यावर टाळूला मेणासारखं बसतं ना, तेच ते. दुधाचं क्रीम चवीला भारी पण प्रवासात माती. मी हौसेने तेच घेतलं, घरून निघालो, माजिवड्याला जॅममध्ये सव्वा तास, एसी फुल करून खोक्याकडे वळवलेला, मी स्वतः घामाघूम. पोचलो तेव्हा केकवर क्रीम नव्हतं, क्रीममध्ये केक होता.

जैन मंडळी असतील तर अजून एक, काही जण यीस्टचंही खात नाहीत आणि काही सूर्यास्तानंतर खातच नाहीत, तेव्हा संध्याकाळी साडेसहाला वाटू नका. आमच्याकडे त्यांच्यासाठी सरळ प्रशांत कॉर्नरची मिठाई वेगळी आणतात, सगळे खूश.

नौपाड्याची पोर:

सगळ्यांना खूप खूप थँक्यू. आज शुक्रवार, आत्ता घरी आलेय, लगेच लिहिते.

तिथी बघितली, काही नव्हतं. सकाळी सव्वासातला घराजवळच्याच बेकरीत गेले, आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं. बिनअंड्याचे यीस्टचे डोनट, साखर वेगळ्या पुडीत मागून घेतली. बेकरीवाले काका म्हणाले साखर वेगळी कशाला, मी म्हटलं ट्रेनने जायचंय, तर म्हणाले मग थांबा, आणि दालचिनीची पूड मिसळून दिली, पैसे नाही घेतले. कंबर बघितली. सगळ्यांना पट्टा होता.

३६ नाही, ४० घेतले, दोन खोके, आणि एक किलो खारी. गाडी ठाण्यातूनच सुटते म्हणून बसायला मिळालं. समोरच्या बाईने विचारलं कसला वास येतोय, सांगितलं, मग तिला एक द्यावाच लागला, तिच्या मुलालाही. म्हणजे ३८.

ऑफिसात पॅन्ट्रीतल्या दादांनी मायक्रोवेव्हमध्ये दहा-दहा सेकंद गरम करून दिले, मोठ्या पातेल्यात साखर घातली आणि ज्याने त्याने आपला डोनट स्वतः घोळवून घ्यायचा असं ठरवलं. कीबोर्डवर साखर, शर्टांवर साखर, मॅनेजरच्या मिशीत साखर आणि कुणी सांगेना. यीस्ट न खाणारे कुणी निघाले नाहीत. सर अपेक्षेप्रमाणे पहिले आले, अर्धा घेतला. मग परत येऊन दुसरा अर्धा घेतला, म्हणाले हा वेगळ्या डोनटचा आहे.

खारी चारच्या चहाला संपली. काका, तुम्ही जिंकलात.

सोमवारपासून महाप्याला जॉइन होतेय. पहिल्या दिवशी काही न्यावं का?

कोपरखैरणे नाईटशिफ्ट:

पहिल्या दिवशी नको, एचआरला वाटेल शेवटचा दिवस आहे. पगार झाला की कळवा, बेकरीचा पत्ता देतो. पाच वाजता या.