मासळी सोडल्यावर ताटात काय?

फोंडेकर: श्रावण संपला तरी शाकाहारीच राहायचंय. पण डाळ, भात, भाजी जेवूनही चार वाजता भूक लागते. काय चुकतंय?

म्हापशेकर: भात जास्त, कडधान्य कमी. पातळ वरणात प्रथिनं फारशी नसतात. माणशी 40-50 ग्रॅम सुके अळसांदे (चवळीचा प्रकार) किंवा मूग धरा. साधारण 10-12 ग्रॅम प्रथिनं मिळतात. अळसांदे रात्रभर भिजवा, कुकरमध्ये मऊ शिजवा, मगच आंबट घाला. सोलं (आमसुलं) किंवा चिंच आधी पडली तर दाणा टणक राहतो. वाटपात माणशी दोन चमचे ओलं खोबरं पुरे, अर्धा नारळ नको! भात उकड्या तांदळाचा, नेहमीपेक्षा कमी. सोबत वाटीभर दही.

सांखळीकर: मुगागाठीसाठी (मोड आलेल्या मुगाची आमटी) मूग 8 तास भिजवून, निथळून ओल्या फडक्यात बांधा. पावसाळ्यात घट्ट डब्यात कोंडले की बुळबुळीत होतात, आंबूस वास येतो, ते टाकाच. तांबड्या भाजीवर (लाल माठ) लिंबू पिळा, लोह चांगलं शोषलं जातं. जेवणाला लागून चहा घेतलात तर उलटं होतं.

फोंडेकर: खतखतं (कंद-भाज्या आणि तूरडाळीचं मिश्र कालवण) रोज चाललं तर?

म्हापशेकर: चालेल, पण कंद, मका, कच्ची केळी हे सगळं पिष्टमय. तूरडाळ दुप्पट घाला आणि त्या दिवशी भात आणखी कमी.

डिचोलीकर: बी12 जीवनसत्त्व राहिलंच. ते दूध-दह्यातून मिळतं, भाज्या-कडधान्यांतून नाही. दूधही बंद करणार असाल तर डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करा.