एमआयडीसीत फाईल घेऊन फिरावं, की ऑनलाईनच अर्ज टाकत राहावं?

सायली_जुळेसोलापूर
नमस्कार. माझं बी.कॉम. झालंय, टॅली आणि जीएसटीचा कोर्सही केलाय. मार्चपासून मोबाईलवरून ६४ ठिकाणी अर्ज टाकले, सगळे वहीत लिहून ठेवलेत. फोन आले फक्त तीन. दोन विमा विकायच्या कामाचे होते आणि तिसरी बाई नोंदणीचे म्हणून १,५०० रुपये मागत होती. मी दिले नाहीत.

बाबा २८ वर्षं टॉवेलच्या कारखान्यात लूमवर होते. ते रोज म्हणतात, "मोबाईलवर बोटं फिरवून कुठं नोकरी मिळूलालीय? उद्या माझ्यासंगं चल, गेटवर विचारू." दादा हिंजवडीला आहे. त्याचं म्हणणं, असं दारोदार गेलं की आपली किंमत राहत नाही. आईची तब्येत बरी नसते, त्यामुळे मला सोलापूर सोडता येणार नाही. इथं कुणाला समक्ष जाऊन काम लागलंय का? खरं काय ते सांगा.

रोजकीर्द
सायली, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे, म्हणून अगंतुगं करतो. अक्कलकोट रोडला एका चादर-टॉवेलच्या कारखान्यात मी ३१ वर्षं हिशेब लिहिला. तेवढ्या काळात आमच्या ऑफिसात ११ माणसं लागली आणि त्यातल्या एकाही जागेची जाहिरात निघाली नव्हती. जागा रिकामी झाली की शेठ मला म्हणायचे, "बघा हो कुणी मिळतंय का." मग मी आमच्या सीएंच्या ऑफिसात फोन करायचो, सुताच्या दलालाला विचारायचो, ट्रान्सपोर्टवाल्याच्या कानावर घालायचो. दोन-तीन दिवसांत कुणीतरी यायचं. तू मोबाईलवर जी जागा शोधतेस, ती तिथं कधी येतच नाही गं.

म्हणून बाबांचं अर्धं बरोबर आहे. जायचं समक्षच, पण गेटवर कागद देऊन परत यायचं नाही. वॉचमन तो घेतो आणि रजिस्टरखाली ठेवतो. असे पिवळे पडलेले बायोडाटे मी स्वतः बघितलेत. कुणाचे तरी कष्ट होते त्यात, फार वाईट वाटायचं. "अकाउंटंट साहेबांना दोन मिनिटं भेटायचंय" असं सांग. आधी दोन-चार सीएंच्या ऑफिसात जाऊन ये. त्यांच्याकडं तीस-चाळीस कारखान्यांच्या फायली असतात, कुठं माणूस कमी आहे हे त्यांना शेठच्याही आधी कळतं.

आता तारखांचं सांगतो, हे नीट लक्षात ठेव. ७ तारखेला टीडीएस भरायचा असतो, ११ ला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, १५ ला पीएफ आणि ईएसआय म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, २० ला ३बी म्हणजे महिन्याचा जीएसटी भरायचं रिटर्न. मधे १४ ला २बी येतो, म्हणजे माल विकणाऱ्यांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी, तो खरेदीच्या बिलांशी जुळवायचा. या दिवसांत जाशील तर समोरचा माणूस मान वर करणार नाही आणि तुला वाटेल, आपल्यालाच हाकललं. २१ ते महिनाअखेर जा, दुपारी ३ नंतर. सप्टेंबरात सीएंकडं फिरकू नकोस, ३० तारखेची ऑडिटची मुदत त्यांच्या डोक्यावर असते.

आणि "काही काम आहे का" असं विचारू नकोस. त्याला "नाही" म्हणणं फार सोपं असतं. "खरेदीची बिलं टॅलीत टाकून २बीशी जुळवून देते, बसून दाखवू का?" असं म्हण. जीएसटी १ जुलै २०१७ ला लागला, तेव्हा आमच्याकडं बिलांचे ढीग साचले होते. दिवाळीनंतर एक मुलगी आली आणि असंच बोलली, फक्त तेव्हा २बी नव्हता, २ए होता. मी तिला सुताची बिलं दिली. संध्याकाळपर्यंत तिनं चार बिलं वेगळी काढली, ती समोरच्या पार्टीनं रिटर्नमध्ये दाखवलीच नव्हती. ती आजही तिथं आहे, आता माझ्याच खुर्चीवर बसते. जायच्या आधी बिलावरचे मालाचे एचएसएन कोड पाठ कर: सुती सूत ५२०५, टेरी टॉवेल ६३०२. आमच्या धंद्यातला माणूस ते ऐकून थांबतो.

मुक्काम_पुणे_गाव_सोलापूर
काकांचं सोलापूरपुरतं पटलं. मी पुण्यात भरतीचं काम करते. दादाचंही त्याच्या जागी खरं आहे. आमच्या रिसेप्शनला कुणी कागद देऊन गेलं तर तो पुढं जात नाही, कारण उमेदवाराची नोंद सिस्टिममध्ये असल्याशिवाय मला मुलाखतच लावता येत नाही.

पण ६४ अर्जांत एकही खरा फोन नाही, हे मला खटकतंय. बायोडाटा डीटीपीच्या दुकानात करून घेतला आहेस का? पीडीएफ उघड आणि त्यातला मजकूर निवडून कॉपी होतो का बघ. होत नसेल तर ते पान म्हणजे नुसता फोटो आहे. आमचं सॉफ्टवेअर त्यात "टॅली", "जीएसटी" हे शब्द शोधतं आणि त्याला तिथं काहीच सापडत नाही. वर्डमध्ये साधा, एका कॉलमचा बनव. रंगीत पट्ट्या, चौकटी काढून टाक. पैसे दिले नाहीस ते फार चांगलं केलंस. नोकरी देणारा उमेदवाराकडून पैसे घेत नाही.

गारमेंटवाली_ताई
पहिल्या दिवशी बाबांना सोबत ने, त्यात कमीपणा नाही. पण ऑफिसात एकटीच आत जा. वडीलच बोलायला लागले की समोरच्याला वाटतं, पोरीला जमणार नाही. माझ्या वेळी मी तसंच केलं होतं. आणि दुपारचं ऊन बघून पाण्याची बाटली घे, तिकडं गेटं लांब लांब आहेत.

सायली_जुळेसोलापूर
उशिरा लिहितेय, माफ करा. बायोडाटा खरंच फोटो निघाला. दुकानदारानं कोरल या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये केला होता, एक अक्षरही कॉपी होईना. सहा महिने मी तोच पाठवत होते. त्या रात्री जेवण गेलं नाही.

२२ तारखेपासून तीन दिवस फिरले. बाबा गाडी घेऊन बाहेर थांबायचे. पाच कारखान्यांत नाही म्हणाले. एका ठिकाणी तर बसायलाही सांगितलं नाही. चौथ्या सीएंनी मात्र एका टॉवेलवाल्यांना माझ्यासमोरच फोन लावला. तिथल्या मॅडमनी २० बिलं पुढ्यात ठेवली. इचलकरंजीचं बिल राज्यातलं म्हणून त्याला सीजीएसटी-एसजीएसटी आणि कोईमतूरचं परराज्यातलं म्हणून त्याला आयजीएसटी लावला, तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. १ तारखेपासून या म्हणाल्यात. १२,००० देणार, तीन महिन्यांनी बघू म्हणाल्या.

काका, पीएफचं पहिल्याच दिवशी विचारलं तर चालेल का? बाबा म्हणतात, आधी कामाला लाग, मग विचार.

रोजकीर्द
पोरी, फार बरं वाटलं वाचून. पहिल्याच दिवशी विचार. "यूएएनसाठी आधार आणि बँकेचं पासबुक आणलंय, कुणाकडं देऊ?" एवढंच म्हण. यूएएन म्हणजे पीएफचा नंबर. ईएसआयचंही तिथंच विचार. पगार २१,००० च्या आत आहे, म्हणजे तू त्यात बसतेस, आणि आईच्या औषधपाण्याला त्याचा उपयोग होईल. घरच्यांची नावं भरताना आईचं नाव विसरू नकोस.