सोळा आठवडे पहिला क्रमांक : हे प्रेमगीताचे यश मानावे की चित्रपटाचे?

धंतोलीकर (धागाकर्ता)
ब्रायन ॲडम्स यांचे ‘एव्हरीथिंग आय डू, आय डू इट फॉर यू’ हे प्रेमगीत १९९१ च्या जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत ब्रिटनच्या विक्री-यादीत सलग १६ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. सलग आठवड्यांचा तो विक्रम तिथे अजून मोडलेला नाही. परवा आमच्या बैठकीत एका मित्राने हे सारे यश ‘चित्रपटाच्या जाहिरातीची कमाई’ म्हणून निकालात काढले आणि ते मला अजिबात पटले नाही. रॉबिन हूडवरच्या त्या चित्रपटात हे गाणे शेवटच्या श्रेयनामावलीवर वाजते, म्हणजे प्रेक्षक खुर्चीतून उठून दाराकडे निघालेले असताना. तरीही लोक ते शोधत दुकानात गेले. त्या काळी यादीतली प्रत्येक नोंद म्हणजे कोणीतरी खिशातून पैसे काढून घेतलेली एक प्रत होती, आणि एकच तबकडी सहसा कोणी दोनदा विकत घेत नाही. म्हणजे सोळाव्या आठवड्यात घेणारे बहुतेक लोक आधीच्या पंधरा आठवड्यांत न घेतलेलेच असणार. जाहिरात पहिले काही आठवडे गर्दी जमवील. चार महिने नवी माणसे येत राहतात, ती गाणे मनात शिरल्यामुळेच, असे माझे ठाम मत आहे.

महालकर
नव्या माणसांचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. आपण एकाच गाण्याकडे पाहत आहात, त्याच्या आजूबाजूलाही पाहा. १९९२ च्या अखेरीस व्हिटनी ह्यूस्टन यांचे ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ अमेरिकेत वर चढले आणि १४ आठवडे पहिले राहिले, तेही ‘द बॉडीगार्ड’ या चित्रपटातून. १९९४ मध्ये वेट वेट वेट या गायकवृंदाचे ‘लव्ह इज ऑल अराउंड’ ब्रिटनमध्ये १५ आठवडे पहिले राहिले, तेही चित्रपटातूनच. ट्रॉग्ज यांनी हेच गाणे १९६७ मध्ये गायले होते आणि तेव्हा ते ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकापर्यंत पोचले होते. तेच शब्द, तीच चाल. गाणे बदलले नव्हते, त्याच्यामागे चित्रपट उभा राहिला होता. शिवाय आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गाणे इतके आठवडे वर राहिल्यावर वेट वेट वेट यांनी स्वतःच त्याची तबकडी बाजारातून काढून घेतली. ऐकणाऱ्यांना आलेला कंटाळा गायकांना कळला होता, यादीला मात्र कळला नव्हता.

सुरेश भटांनी लिहिलेली आणि हृदयनाथ मंगेशकरांनी चाल दिलेली प्रेमगीते नागपुरातल्या मैफलींत आजही आग्रहाने मागितली जातात. ती कोणत्या आठवड्यात कितव्या क्रमांकावर होती, असा प्रश्न आपल्यापैकी कोणाला कधी पडला आहे काय?

अजनीची श्रोती
महालकर, आपले व्हिटनी ह्यूस्टन यांचे उदाहरण आपल्याच मताविरुद्ध जाते. ते गाणे डॉली पार्टन यांचे. त्यांच्या स्वतःच्या आवाजात ते १९७४ मध्ये अमेरिकेच्या कंट्री संगीताच्या यादीत पहिले आले, आणि १९८२ मध्ये त्यांनी पुन्हा ध्वनिमुद्रित केले तेव्हा पुन्हा पहिले आले. एकच गाणे दोन गायिकांच्या आवाजात, तीन वेगवेगळ्या काळांत शिखरावर जात असेल, तर गाण्यातच काही आहे हे मान्य करण्यात संकोच कसला?

माझी हरकत धंतोलीकरांच्या ‘खिशातून पैसे’ या मुद्द्याला आहे. आम्ही महाविद्यालयात होतो तेव्हा इंग्रजी गाण्यांची मूळ कॅसेट परवडत नसे. सीताबर्डीत कोरी कॅसेट घेऊन जायचे, गाण्यांची नावे कागदावर लिहून द्यायची आणि दोन-तीन दिवसांनी भरलेली कॅसेट आणायची, असा आमचा शिरस्ता होता. मला आठवते, माझ्या कागदावर ॲडम्स यांचे हे गाणे दोन वेळा लिहिलेले होते, एकदा ‘ए’ बाजूच्या आरंभी आणि एकदा ‘बी’ बाजूच्या शेवटी, म्हणजे कॅसेट उलटली की पुन्हा तेच ऐकता यावे. पैसे आम्हीही मोजले होते, तेही महिनाभर चहा टाळून साठवलेले. त्यांची नोंद कोणत्याही देशाच्या कोणत्याही यादीत झाली नाही. त्यापेक्षा आमच्या आईवडिलांच्या पिढीची बिनाका गीतमाला अधिक उदार म्हणावी लागेल, कारण अमीन सयानी ज्या ‘पायदानां’ची घोषणा करीत, त्यांत रेकॉर्डच्या विक्रीबरोबरच गावोगावच्या श्रोता संघांच्या पत्रांनाही स्थान होते. पोस्टकार्ड पाठवणारा माणूसही तिथे मोजला जात होता.

खामल्याचा वादक
मी स्वागतसमारंभांत की-बोर्ड वाजवतो. लग्नसराईत वर्धा रोडपासून कोराडी रोडपर्यंतच्या लॉनवर आमचा वृंद असतो, त्यामुळे फर्माईशी रोज कानावर येतात. धंतोलीकरांचा ‘एक माणूस, एक प्रत’ हा हिशेब १९९१ साठी बरोबर असेल, पण त्यावरून आजच्या यादीबद्दल काही ठरवता येणार नाही. स्पॉटिफायवर गाणे ३० सेकंद वाजले की एक वादन मोजले जाते, आणि एकाच मुलाने रात्रभर तेच गाणे लावले तर ते पुन्हा पुन्हा मोजले जाते. ब्रिटनच्या यादीने २०१४ मध्ये १०० वादने म्हणजे एक विक्री असे धरले आणि २०१७ च्या आरंभी ती संख्या १५० केली. त्याच वर्षी आणखी एक नियम आला : दहा आठवडे यादीत राहून सलग उतरत चाललेल्या गाण्याची वादने निम्म्यानेच धरायची. म्हणजे गाण्याने किती काळ वर राहावे, हे आता काही अंशी नियमच ठरवतो.

तरीही मी महालकरांच्या बाजूने पूर्ण जाणार नाही. नवरा-नवरी लॉनवर प्रवेश करतात तेव्हा मागितले जाणारे गाणे दर हंगामात बदलते आणि ते बहुधा त्या वर्षीच्या यादीतलेच असते. पण रात्री दहानंतर, जेवणे उरकत आली की, वयस्क मंडळी मंचाजवळ येऊन जी गाणी हळूच मागतात, त्यांतली बरीच कधीकाळी यादीच्या शिखरावर होती. दोन्ही याद्या मी डोळ्यांनी पाहतो आणि त्या एकमेकींपासून पूर्णपणे तुटलेल्या नाहीत.

धंतोलीकर
अजनीच्या ताईंची हरकत मला मान्य आहे. ‘लोकांनी विकत घेतले’ असे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर ब्रिटनचेच लोक होते. भरलेल्या कॅसेटा मी विसरलो, आणि त्या माझ्याही घरी होत्या. पण महालकर, त्या कॅसेटा माझ्याच म्हणण्याला बळ देतात. कागदावर गाण्याचे नाव दोनदा लिहायला कोणत्या जाहिरातीने सांगितले होते?

महालकर
जाहिरातीने सांगितले नसेल, पण ते नाव सीताबर्डीपर्यंत पोचले कसे, हा माझा प्रश्न आहे. त्याच वर्षी इंग्रजीत इतरही उत्तम प्रेमगीते आली असतील, जी ताईंच्या कागदावर कधी आलीच नाहीत, कारण ती त्यांच्या कानांपर्यंत पोचलीच नाहीत. जे पोचले त्यातून ताईंनी मनापासून निवडले, याबद्दल मला शंका नाही. पोचवण्याचे काम मात्र चित्रपटाने आणि यादीने आधीच केले होते.

अजनीची श्रोती
माझ्यापर्यंत ते गाणे धरमपेठेत राहणाऱ्या एका मैत्रिणीने पोचवले. चित्रपट आम्हा दोघींनी तेव्हा पाहिलेला नव्हता, आणि ते कोणत्या यादीत आहे हेही आम्हाला ठाऊक नव्हते. तिने मला आपली कॅसेट एका रात्रीपुरती दिली होती.