मदत हवी आहे: 'शेन'मधल्या रायकरचा चराईवर खरंच हक्क होता का?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयात 'शेन' (१९५३) हा अमेरिकी वेस्टर्न सिनेमा दाखवणार आहोत. आधी दहा मिनिटं मला बोलायचंय. तिसऱ्यांदा पाहताना एका प्रसंगाशी अडकले. गुरांचा बडा मालक म्हातारा रायकर नव्याने वसलेल्या शेतकरी स्टॅरेटला सांगतो की हा मुलूख आम्ही वसवला, शायेन या मूळनिवासी लोकांचा बाण लागलेला खांदा अजून दुखतो, आणि आता तुम्ही कुंपणं घालून आमचं पाणी तोडताय. माझे आजोबा गुराखी होते. चराईवरून झालेली भांडणं त्यांच्या तोंडून ऐकलीत, त्यामुळे रायकरला नुसता खलनायक म्हणून झटकून टाकवत नाही.

१८६२च्या होमस्टेड कायद्याने स्टॅरेटसारख्यांना सरकारी जमिनीतले १६० एकर मिळत, पाच वर्षं राहून जमीन कसली तर. पण बाकीचं गवत कुणाचं? आपल्या गायरानासारखं काही होतं का? आणि १८९२च्या जॉन्सन काउंटी प्रकरणाबद्दल कितपत सांगावं?

प्रतिसाद १:
गायरान गावासाठी राखलेलं असतं, हे रान अमेरिकी सरकारचं. रायकरकडे त्याचा कागद नव्हताच. १८९०च्या ब्यूफर्ड विरुद्ध हाउट्झ खटल्यात युटातले गुरंवाले मेंढ्यांचे कळप अडवायला कोर्टात गेले आणि हरले. मोकळ्या सरकारी रानात चारायची मुभा रूढीने सगळ्यांनाच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. म्हणजे रायकरने गुरं चारावीत, पण दुसऱ्याला हुसकू नये. सरकारी रानाला कुंपण घालायला तर १८८५पासून बंदीच होती. स्टॅरेटचं कुंपण त्याच्या वाट्याच्या जमिनीला आहे.

पाण्यावर जरूर बोला. ओढ्याकाठचे १६० एकर ज्याच्या ताब्यात, त्याच्याच हाती मागचं सगळं कोरडं रान. म्हणून तर ती मोजकी घरं रायकरला इतकी खुपतात.

प्रतिसाद २:
जॉन्सन काउंटीचं सांगाच. वायोमिंगच्या बड्या रँचवाल्यांनी टेक्सासहून भाडोत्री बंदूकबाज आणले, नेट चॅम्पियन आणि निक रे या तिथल्या दोघांना मारलं. खवळलेल्या लोकांनी त्या टोळीला टीए रँचवर वेढलं, तर घोडदळाने येऊन त्यांना वाचवलं! शिक्षा कुणालाच झाली नाही. मोकळ्या सरकारी रानातल्या चराईला परवाना आणि शुल्क आलं ते थेट १९३४च्या टेलर चराई कायद्याने.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. पाण्याचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आता रायकरचा भाडोत्री बंदूकबाज विल्सन स्टॅरेटसारख्याच शेतकरी टॉरीला गोळी घालून चिखलात लोळवतो तिथून सुरुवात करते. आणि रायकरच्या खांद्यातला बाण ज्यांचा होता, त्या शायेनांचं रान कसं गेलं यावर मराठीत काही वाचण्यासारखं असेल तर कृपया सुचवा.